या वर्षीचा गरुड

आमच्या घरात एक कोंबडी आहे आणि तिला कापायला बंदी आहे. बंदी मी घातलेली नाही. मी तर तिचा रस्सा कधीच केला असता. बंदी सरकारी आहे, निदान आमच्या गल्लीत तसंच मानतात. ती कशी लागू झाली हे सांगायचं तर मला माझ्या नवऱ्याची अब्रू थोडी चव्हाट्यावर आणावी लागेल. हरकत नाही. त्या वर्षी त्याने ती स्वतःच शिडी लावून कमानीवर चढवली होती.

मी कोकोम, गल्लीची चेउ, म्हणजे ताई. पासिर मुंचांगच्या गल्लीत शिरताना कमानीला लागून जे दुकान आहे ते माझं, घर त्याच्या मागेच. कॉफी उकळते आणि कोबीचे बाला-बाला, म्हणजे भजी, तळते. त्या वर्षी बाला-बालात कोबी कमी आणि पीठ जास्त असायचं. पुढे पीठही कमी झालं आणि गिऱ्हाइकांची बडबड तेवढी जास्त राहिली. रुपिया असा घसरला होता की सकाळी साखर आणायला निघालेली बाई दुकानात पोचेपर्यंत मीठ घेऊन परत यायची. टीव्हीवर रोज सांगायचे, रुपियावर प्रेम करा. प्रेम करायला तो घरी तर यायला हवा.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात जाकार्ता पेटलं. माझं लग्न व्हायच्या कितीतरी आधीपासून खुर्चीवर बसलेले राष्ट्राध्यक्ष खुर्चीवरून उतरले आणि उपराष्ट्राध्यक्ष वर चढले. आमच्या गल्लीचे एर्ते, म्हणजे गल्लीप्रमुख, एंगकुस. त्यांच्या ओसरीवर भिंतीला तीन खिळे. मधल्यावर गरुड, म्हणजे आमच्या देशाचं राष्ट्रचिन्ह. डावीकडे राष्ट्राध्यक्ष, उजवीकडे उपराष्ट्राध्यक्ष. एंगकुसनी डावा फोटो काढला, उजवा डावीकडे टांगला आणि हात झटकले. उजवा खिळा रिकामा राहिला. मधला गरुड तेवढा जागचा हलला नाही.

त्याच महिन्यात तार्या घरी आला. तार्या म्हणजे माझा नवरा. जाकार्तात गवंडी होता, उंच इमारतींना आतून गिलावा करायचा. बांधणारी कंपनी बुडाली, क्रेन जिथे होती तिथेच आकाशात हात वर करून थांबली आणि तार्या पिशवी घेऊन बसमध्ये बसला. घरी आल्यावर त्याने थापी दारामागच्या खिळ्याला अडकवली आणि पडवीत जाऊन बसला. बसला तो बसलाच.

माझ्याशी तो 'हं' आणि 'नको' एवढंच बोलायचा. गप्पा मारायचा त्या ब्लोरोकशी. ब्लोरोक ही आमची ठिपक्यांची कोंबडी. तिला तो इमारतीबद्दल सांगायचा, मुकादमाबद्दल सांगायचा, तिला मान हलवायची सवय होती म्हणून त्याला वाटायचं की तिला पटतंय. सवत असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. कोंबडीशी भांडायचं कसं? मी एकदा सुरी परजत म्हटलं, "अहो काँग, आज हिला हळद लावू का?" तर त्याने तिला मांडीवर घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मीच सुरी ठेवून दिली.

तांदूळ महाग झाला त्याचं मला काही नव्हतं. सगळ्यांनाच महाग झाला होता. मला हवं होतं ते एवढंच, की त्याने ती थापी खिळ्यावरून काढावी. तिच्यावर गंज चढायला लागला होता. रोज दार लावताना ती दिसायची आणि दार जरा जोरातच आपटायचं.

ऑगस्ट लागला, स्वातंत्र्यदिन जवळ आला, तसे एंगकुस माझ्या दुकानात येऊन बसले.

"यंदा कमान गाजलीच पाहिजे," ते म्हणाले. "तालुक्याचं सजावटीचं बक्षीस दर वेळी वरच्या गल्लीला. का? तर त्यांनी बांबूची तोफ केली. आपण काय करतो? आहे त्याच कमानीवर बांबूची कमान!"

"यंदा चूल पेटली तरी पुष्कळ आहे," मी म्हटलं.

"चेउ कोकोम, अशा दिवसांतच देशप्रेम दाखवायचं असतं."

"दाखवते की. साखरेच्या या भावात तुमच्या कॉफीत दोन चमचे घालते, ते काय आहे मग?"

एंगकुसनी घाईघाईने कॉफी पिऊन टाकली, न जाणो मी एक चमचा परत मागेन. मग म्हणाले, "मशिदीच्या कामातलं सिमेंट उरलंय. पोत्यातच दगड होण्याच्या आधी वापरायला हवं. माझ्या डोक्यात आहे गरुड. सिमेंटचा. कमानीच्या माथ्यावर, पंख पसरून! वरच्या गल्लीची तोफ मान खाली घालेल."

"आणि करणार कोण?" बाकावरून अबाह सुहांदांनी विचारलं. अबाह म्हणजे गल्लीतले सर्वांत म्हातारे. स्वातंत्र्याच्या लढाईत होते, तेव्हापासून एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने त्यांना हवं तेवढंच येतं.

तेवढ्यात पडवीतून आवाज आला, "मी करतो."

सगळ्यांनी आधी कोंबडीकडे पाहिलं. त्या बाजूने माणसाचा आवाज येईल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

तार्या उठला, आत गेला आणि दारामागून थापी काढून आणली. माझ्या हातातला झारा तसाच राहिला आणि एक घाणा करपला. करपू दे म्हटलं. करपलेले बाला-बाला त्या दिवशी मी सगळ्यांना फुकट वाटले, आणि माझ्या दुकानात फुकट काही मिळालं म्हणून एंगकुस दोन दिवस काळजीत होते.

कमानीवर परातीएवढ्या चौथऱ्याभोवती ताडपत्री बांधली गेली. तार्या सकाळी शिडीने वर जायचा, बगलेत कोंबडी. आतून थापीचा आवाज यायचा, मध्येच शीळ यायची. शीळ! मी खालून तळता तळता ऐकत बसायचे.

"एर्तेंच्या भिंतीवरचं चित्र तरी खाली आणून बघा," मी एकदा ओरडून सांगितलं.

"कशाला? शाळेत होतो तेव्हापासून बघतोय," वरून उत्तर आलं. "डोळे मिटले तरी दिसतो."

एंगकुसही चित्र द्यायला तयार नव्हते. मधला काढला तर भिंतीवर एक फोटो आणि दोन रिकामे खिळे राहतील आणि ते बघून पाहुण्यांना वाटेल की सरकार पुन्हा पडलं. आणि खरं सांगायचं तर गरुड कसा दिसतो हे कुणाला माहीत नाही? नाण्यावर तो, शाळेत तो, पोलीस चौकीत तो. इतका बघितलाय की बघायची गरजच कुणाला पडत नाही.

मोठ्या दिवसाच्या थोडं आधी सगळी गल्ली कमानीखाली जमली. एंगकुसनी काळी टोपी घातली, स्वातंत्र्य म्हणजे काय यावर बरंच बोलले आणि दोरी ओढली. ताडपत्री खाली आली.

कमानीवर, दोन्ही पंख पसरून, एक कोंबडी उभी होती.

कोंबडीच. त्यात काही दुमत होण्यासारखं नव्हतं. मान गुबगुबीत. पोट खाली ओघळलेलं. चोच दाणा टिपायला निघाल्यासारखी. छातीवरची ढाल मानेत अडकवलेल्या एप्रनसारखी लोंबत होती आणि ढालीवर जिथे बैलाचं डोकं हवं, तिथे एक बकरी होती, तिला नुकतीच कुणीतरी वाईट बातमी सांगितली असावी. पायात बोधवाक्याची पट्टी होती, पण ती अशी गुंडाळलेली, की बाजारात न्यायला पाय बांधलेत असं वाटावं. डोळे मात्र मला ओळखीचे वाटले. कुठे पाहिले ते आठवेना.

"छान आहे," अबाह सुहांदा अगदी मनापासून म्हणाले. "अंडी देते का?"

मग जी गल्ली हसली! मे महिन्यापासून तुंबलेलं हसू होतं ते. बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या. कमानीचा बांबू हलायला लागला. मी ओठ चावून तार्याकडे पाहत होते. तो खाली उभा राहून वर बघत होता, आणि मला दिसलं की तो आत्ता पहिल्यांदाच ते लोकांच्या डोळ्यांनी बघतोय. त्याने हात पाटलोणीला पुसले. हळूहळू, एकेक बोट.

एंगकुस तेवढे हसत नव्हते. ते घामाघूम झाले होते. "तालुक्याचे साहेब येणार आहेत परीक्षणाला! राष्ट्रचिन्हाची थट्टा केली म्हणून मला आत टाकतील. फोडा ती! आत्ताच्या आत्ता फोडा!"

"मीच फोडतो," तार्या म्हणाला आणि हातोडा आणायला घराकडे वळला.

त्याच्या आवाजात राग असता तर मी जाऊ दिलं असतं. राग नव्हता. पुन्हा तो 'हं' आणि 'नको'वाला आवाज होता. याने आज हे फोडलं तर थापी परत खिळ्यावर जाईल आणि यापुढे कधी निघणार नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. मी शिडीला पाठ लावून उभी राहिले.

"बापाक एर्ते," मी अदबीने म्हटलं, "काय फोडायचंय म्हणालात?"

"पुतळा!"

"कशाचा?"

"गरुडाचा! आणखी कशाचा?"

"गरुड म्हणजे राष्ट्रचिन्ह ना? राष्ट्रचिन्हावर हातोडा घातला तर काय शिक्षा होते हो? तुम्हीच दर वर्षी भाषणात सांगता."

एंगकुसचा हात टोपीकडे गेला आणि तिथेच राहिला. "पण हा गरुड नाहीये, चेउ! तुला डोळे आहेत ना? ही कोंबडी आहे!"

"असं का? मग कोंबडीने तुमचं काय घोडं मारलंय? बसू द्या की वर. कमानीवर कोंबडी बसवू नये असा कायदा आहे का कुठे?"

"कोंबडी आहे, पण... पण गरुडाच्या जागी आहे!"

"म्हणजे गरुड?"

"नाही!"

"म्हणजे कोंबडी?"

एंगकुस खाली बसले. त्यांच्या बायकोने त्यांना टोपीने वारा घातला.

तेवढ्यात अबाह सुहांदा काठी टेकत पुढे आले. "भांडता कशाला? पिसं मोजा. तोंडाचं काय, तोंड कुणाचंही कसंही असतं." आणि त्यांनी काठी वर करून मोजायला सुरुवात केली. शाळेतलं पोरसुद्धा सांगेल, पंखाला सतरा, शेपटीला आठ, मानेला पंचेचाळीस. स्वातंत्र्याची तारीख, महिना आणि साल. मोजता मोजता सगळी गल्ली त्यांच्याबरोबर मोजायला लागली. सतरा भरली. आठ भरली. मानेशी दोनदा चुकलो, तिसऱ्यांदा तीही भरली. तार्याने एकही पीस कमी घातलं नव्हतं की जास्त.

म्हणजे आता फारच पंचाईत झाली. पिसं मोजली तर गरुड, तोंड बघितलं तर कोंबडी. "हातोडा कुणी घ्यायचा ते नाव सांगा, मी लक्षात ठेवते," मी म्हटलं. तर जो तो आपापल्या घरात काहीतरी जळतंय असं सांगून पसार झाला.

शेवटी ठरलं, की साहेब येऊन जाईपर्यंत वर ताडपत्री घालायची आणि विचारलंच तर काहीतरी बोलायचं. काय बोलायचं ते ठरलं नाही. आमच्या गल्लीत बैठका अशाच संपतात.

तार्या पुन्हा पडवीत जाऊन बसला. आता तो ब्लोरोकशीही बोलेना. ती बिचारी त्याच्या पायाशी घुटमळायची, मान हलवायची, मग कंटाळून कमानीवर जाऊन बसायची, तिची रोजची जागा झाली होती ती. सगळ्या गल्लीचं हसू एकीकडे आणि त्याचं ते गप्प बसणं एकीकडे. मला कुणाचा तरी गळा दाबावासा वाटत होता आणि धड गळा सापडत नव्हता.

अबाह सुहांदा त्याच्याशेजारी जाऊन बसले. त्यांना गप्प माणूस फार आवडतो, मध्ये बोलत नाही म्हणून.

"आमचा झेंडा गुलाबी होता, सांगितलंय का तुला?" ते म्हणाले. "पंचेचाळीस साली. लाल कापड मिळेना. माझ्या आत्याने लग्नातला लाल सारोंग फाडून पांढऱ्या चादरीला शिवला. पहिल्याच पावसात सारोंगचा रंग उतरला. सगळा झेंडा गुलाबी. आमचा कमांडर ओरडला, हा कुठला देश? आत्या म्हणाली, हाच. नको असेल तर माझा सारोंग परत दे."

"मग?" तार्याने विचारलं. 'हं' नाही, 'नको' नाही. 'मग.'

"मग काय, त्यालाच सलाम ठोकला. गोळ्या मारणाऱ्यांनी काही रंग विचारला नाही." अबाह उठले. "तुझी कोंबडी चांगली आहे. मान जरा जाड झालीय."

परीक्षण होतं सकाळी, असं सांगितलं होतं. त्याच्या आदल्या दुपारी पुरुषांची फुटबॉल मॅच होती. आमच्याकडे ऑगस्टातल्या खेळांत ही असतेच: बाप्यांनी बायकोचा गाऊन घालून खेळायचं आणि बायकांनी कडेला उभं राहून शिव्या द्यायच्या. मी तार्याला पडवीतून ओढून काढलं, माझा जांभळ्या फुलांचा जुना गाऊन त्याच्या डोक्यावरून खाली खेचला आणि कमानीसमोरच्या मैदानावर ढकलून दिलं. एंगकुसनी बायकोचा भगवा गाऊन घातला होता आणि छातीत दोन करवंट्या बसवल्या होत्या. ते दर वर्षी बसवतात. आम्ही कारण विचारत नाही.

खेळ ऐन रंगात असताना साहेब आले. एक दिवस आधी.

तालुका कार्यालयातले बापाक गुमिलार. कार्यालयाच्या जीपमध्ये पेट्रोल नव्हतं म्हणून कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून आले होते. काखेत फाइल. अंगावरचा सरकारी गणवेश बहुधा बऱ्या दिवसांत शिवलेला असावा, कारण आता त्यात अजून एक गुमिलार मावला असता. पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलेलं होतं.

"एर्ते कोण?" त्यांनी विचारलं.

भगव्या गाऊनमधले एंगकुस धावत आले आणि त्यांनी खाडकन सलाम ठोकला. एक करवंटी घरंगळत पोटापर्यंत गेली.

"कमान बघायची आहे," गुमिलार नजर दुसरीकडे वळवून म्हणाले. "ताडपत्रीखाली काय आहे?"

"काही नाही, बापाक. आश्चर्य आहे."

"ते हलतंय."

"वारा आहे, बापाक."

ताडपत्रीतून स्पष्ट आवाज आला, कॉक, कॉक, कॉक.

"तुमच्याकडचा वारा असा वाजतो?" म्हणत गुमिलारनी स्वतःच दोरी ओढली.

ताडपत्री खाली आली. वर सिमेंटची कोंबडी, आणि तिच्या मानेशी ऐसपैस बसलेली ब्लोरोक. दोघींनी एकाच चेहऱ्याने गुमिलारांकडे पाहिलं.

गाऊनमधले सगळे पुरुष एका रांगेत उभे होते. हसायचं कुणाचं धाडस नव्हतं.

"हे," गुमिलार शब्द जपून वापरत म्हणाले, "हे काय आहे?"

"आपण म्हणाल ते, बापाक," एंगकुस म्हणाले.

"मी कशाला म्हणू? गल्ली तुमची आहे."

"पण परीक्षण आपलं आहे."

गुमिलारनी फाइल उघडली, पेन काढलं, पेनाचं टोपण लावलं, फाइल मिटली. त्यांचीही तीच गत झाली होती. गरुड लिहावं तर उद्या कुणी म्हणेल, हा अपमान तुम्ही चालवून कसा घेतला. कोंबडी लिहावं तर राष्ट्रचिन्हाला सरकारी शाईने कोंबडी म्हणणारा पहिला माणूस तेच. "पूर्वी मी वर फोन करून विचारलं असतं," ते पुटपुटले. "आता वर कोण आहे हे विचारायला कुणाला फोन करायचा तेच कळत नाही." मग त्यांनी मान वर केली. "बनवलं कुणी?"

रांग दुभंगली आणि जांभळ्या फुलांच्या गाऊनमध्ये माझा नवरा पुढे आला. गुडघ्यापर्यंत चिखल.

साहेबांच्या पाठीमागून एंगकुस जीव तोडून खुणा करत होते. कोपर हलवत होते, चोच काढत होते. कोंबडी म्हण, बाबा, कोंबडी म्हण. म्हटलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, सगळे हसले असते, साहेबही हसले असते, आणि तार्या पडवीत परत गेला असता.

"तू सांग," गुमिलार म्हणाले. "काय बनवलंस तू?"

तार्याने वर पाहिलं.

"गरुड," तो म्हणाला.

"हा? हा गरुड आहे?"

"हो, बापाक. या वर्षीचा."

एंगकुसचे कोपर हवेतच राहिले.

"इतर वर्षी तो उंचावरून खाली बघतो," तार्या म्हणाला. मे महिन्यानंतर एका दमात एवढं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होते. "यंदा वर बघतोय, घार येते का म्हणून. पंख उडायला पसरलेले नाहीत, पोटाखाली पिल्लं आहेत म्हणून पसरलेत. यंदा सगळेच असे दिसतात, बापाक. तो एकटाच कसा रुबाबात दिसेल?"

गुमिलारांचा हात नकळत पट्ट्याच्या नव्या भोकाकडे गेला. त्यांनी सिमेंटच्या त्या पक्ष्याकडे पुन्हा पाहिलं, या वेळी तोंडाकडे नाही, पंखांकडे. मग हळूच म्हणाले, "माझी बायको परवा म्हणाली, तुम्ही पार कोंबडीसारखे झालात. मला राग आला होता."

आणि त्यांनी टाचा जुळवून सलाम केला.

मग काय, सगळ्या रांगेनेच केला. फुलाफुलांचे गाऊन, केसाळ पोटऱ्या आणि कपाळाला हात. एंगकुसची दुसरी करवंटी सुटली आणि घरंगळत जाऊन साहेबांच्या बुटाशी थांबली, पण कुणी खाली पाहिलं नाही. मलाही काय झालं कोण जाणे, झाऱ्याचा हात कपाळाला लागला आणि तेल भुवईत गेलं.

सलाम संपला तशी ब्लोरोक उठली, पंख झटकले आणि खाली उतरली. ती बसली होती तिथे, डोकं आणि पंख यांच्या बेचक्यात, एक अंडं होतं.

"बघा," अबाह सुहांदा सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाले. "देते. मी तेव्हाच विचारलं होतं."

आता मात्र साहेबच आधी हसले. रस्त्यावर उकिडवे बसून, फाइल पोटाशी धरून हसले. मी त्यांना दोन चमचे साखरेची कॉफी दिली. जाताना त्यांनी आमच्या कमानीपुढे शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचूनही दाखवला: 'काम चालू आहे.'

"म्हणजे गरुड की कोंबडी?" एंगकुसनी विचारलं.

"म्हणजे काम चालू आहे," गुमिलार म्हणाले आणि मोटारसायकलवर बसले.

बक्षीस बांबूच्या तोफेला मिळालं. आम्हाला कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही, फक्त एंगकुसना वाटलं, तेही कॉफी पिईपर्यंतच.

पण सरकारी कागदावर काम चालू आहे म्हटल्यावर ते चालू ठेवणं भाग होतं. तार्या रोज संध्याकाळी शिडीने वर जायला लागला. बकरीला शिंगं लावून बैल केला. पट्टी सरळ केली. वरच्या गल्लीतल्या लोकांनी त्याला विहिरीचा कठडा बांधायला बोलावलं, मग कुणी चूल, कुणी पायऱ्या. पैशांऐवजी कधी भात मिळायचा, कधी केळ्यांचा घड. थापीवरचा गंज केव्हा गेला ते मी पाहिलंच नाही.

एकदा तो वर होता आणि मी खाली घाणा काढत होते.

"चोच तरी जरा वाकवा," मी म्हटलं. "गरुडासारखी."

"चोच वाकवतो. डोळे बदलणार नाही."

"का? कुणाचे आहेत ते? ब्लोरोकचे नाहीत, तिचे मी रोज बघते."

तो बराच वेळ चोचीशी खुडबुड करत राहिला. मग वरूनच, माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी पिशवी घेऊन आलो ना जाकार्ताहून, तेव्हा सगळी गल्ली दाराशी आली होती. का आलास, काय झालं, काम गेलं का. तू एप्रन बांधून दारात उभी राहिलीस. दोन्ही हात चौकटीला लावून. म्हणालीस, तो जेवतोय, उद्या या. ते गेले. मग तू वळलीस आणि माझ्याकडे पाहिलंस."

मला आठवलं. त्या दिवशी घरात जेवायला काही नव्हतं. मी खोटं बोलले होते.

"म्हणजे मी कोंबडी?" मी झारा उगारून ओरडले. ओरडायलाच हवं होतं, नाहीतर भर रस्त्यात रडले असते. रडलेच थोडी, पण कढईच्या धुरावर खपवलं.

"गरुड," वरून आवाज आला. आणि मग शीळ.

दुसऱ्या दिवशी एंगकुसनी लाऊडस्पीकरवरून जाहीर केलं, की ज्या पक्ष्यावरून राष्ट्रचिन्ह घडवलं गेलं त्या पक्ष्याला कापणं हा गुन्हा धरला जाईल. मी विरोध केला, पण माझं कोण ऐकतं. तेव्हापासून हे असं चाललंय: आमच्या घरात एक राष्ट्रचिन्ह अंडी घालतं आणि दुसरं राष्ट्रचिन्ह ती तळतं.